रजेवरचे सभासद

आमच्या मामांच्या ओळखीचा एकही माणूस आजवर मेलेला नाही. ही अतिशयोक्ती माझी नव्हे, त्यांची. आणि ती ते सुपारी कातरता कातरता, अगदी शांतपणे करत. मामा म्हणजे माझे मामासासरे, बायकोचे सख्खे मामा. सगळा जन्म रायपुरात रेल्वेच्या ऑफिसात गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या इतिहास मंडळाला आणि त्याच्या वाचनालयाला वाहून घेतलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या ओळखीतले निम्मेअधिक लोक एव्हाना वर पोचलेले असतात. मामांच्या लेखी ते सगळे रजेवर होते. रेल्वेत माणूस एक तर ड्यूटीवर असतो, नाहीतर रजेवर. तिसरी अवस्था त्यांना मंजूरच नव्हती. मंडळाच्या एका जुन्या सभासदाबद्दल "वकीलसाहेब कशानं गेले हो मामा?" असं मी एकदा भाबडेपणाने विचारलं, तर म्हणाले, "रिक्षानं." मग माझा चेहरा पाहून त्यांनी समजावून सांगितलं, "जाताना 'येतो' म्हणून गेले न जी. मंग येतीलच. काहून चिंता करून राहिले तुम्ही?" स्वतः मामाही गेल्या वर्षापासून रजेवर आहेत. निदान मी तरी त्याला दुसरं काही म्हणत नाही.

सगळ्याच्या मुळाशी हा एवढासा शब्द होता. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तुम्हीआम्ही तो सवयीने तोंडातून टाकतो आणि चपलेत पाय घालतो. मामा मात्र तो दिलेला शब्द समजत. त्यांच्यासमोर कुणी 'जातो' म्हटलं की त्याची धडगत नसे. एकदा विजेचं मीटर पाहायला आलेला माणूस "अच्छा बाबूजी, जाता हूँ" म्हणून फाटकाबाहेर पडला. मामांनी त्याला भर उन्हात परत बोलावलं. "जाता हूँ नहीं बोलते भैया. आता हूँ बोलो." त्या गरिबाने दोन्ही हात जोडून "आता हूँ" म्हटलं आणि पुढच्या रविवारी खरोखरच सहकुटुंब जेवायला हजर झाला, त्याला ते आमंत्रण वाटलं होतं. मामांना त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट आमच्याकडे पाहून त्यांनी भुवया उडवल्या. बघा, शब्द दिला की माणूस येतो.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि आमच्या ऑफिसने इथे शाखा उघडून मला नागपूरहून पाठवलं, तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही चौबे कॉलोनीत घर घेतलं. मी हिशेब तपासणारा माणूस. भुताला भीत नाही, न जुळणाऱ्या बेरजेला भितो. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "मामांच्या लायब्ररीत जाऊन या, त्यांना बरं वाटेल." मी गेलो. मराठी मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल होता. सकाळी तिथे योगासनं चालत, संध्याकाळी बायकांचा शिवणवर्ग. मधली बारा ते चार ही वेळ कुणालाच नको होती, म्हणून ती इतिहासाला मिळाली होती. भिंतीला कपाटं, कपाटांत जुने नकाशे, पिवळी पंचांगं, शिलालेखांचे ठसे आणि गावातल्या झाडून सगळ्या मराठी लग्नांच्या पत्रिका. मामांच्या मते राजांचा इतिहास कुणीही लिहील, पण कोण कुणाचा साडू हे एकदा विसरलं की संपलं. हॉलच्या मधोमध वेताच्या खुर्च्यांची रांग होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, मी घामाघूम होऊन पहिल्या खुर्चीत टेकलो, आणि मामा दोन्ही हात पसरून धावत आले. "उठा, उठा जवाईबापू! मांडीवर बसून राहिले तुम्ही त्यांच्या!"

मी चटका बसल्यासारखा उठलो. ती वकीलसाहेबांची खुर्ची होती. शेजारची गुरुजींची. प्रत्येक खुर्चीला धनी होता, आणि बहुतेक धनी रजेवर होते. माझ्यासाठी मामांनी एक लोखंडी स्टूल आणून दिलं आणि पुढे ऑफिसच्या दुपारच्या सुट्टीत येऊन ते मी शेवटपर्यंत वापरलं. मग त्यांनी वकीलसाहेबांच्या डोक्यावरचा पंखा चालू केला, कारण त्यांना उकाडा सोसत नसे. माझ्या डोक्यावर पंखा नव्हता. इतिहास मंडळाची सभा भरे तेव्हाही हीच तऱ्हा. तात्यापाऱ्याला ज्यांच्यावरून नाव पडलं ते तात्या नेमके कोण, हा मंडळाचा आद्य वाद. त्यावर तीन मतं होती आणि मामा सोयीनुसार तिन्हींचे होते. एकदा आम्ही हयात मंडळींनी कंटाळून एका तात्यांवर शिक्कामोर्तब करायचं ठरवलं, तेव्हा मामांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, क्षणभर कान दिला आणि खेदाने मान हलवली. "नाही जमत. वकीलसाहेब अजून विरोधातच आहेत." ठराव बारगळला. मी हसलो. माझ्याखेरीज कुणीही हसलं नाही.

हसण्यावारी न्यायचं ठरवलं तरी त्या हॉलमधली दुपार हसू देत नसे. नवतप्याचे ते नऊ दिवस, मे महिन्याच्या शेवटचे. तेव्हा रायपुरात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, आत हिरवट अंधार, आणि वेताच्या खुर्च्या करकरत. वेत उन्हाने करकरतो, हे मलाही कळतं. पण तो सगळा एकदम करकरायला हवा. इथे आधी पहिली खुर्ची करकरे, मग जरा वेळाने दुसरी, आणि मग कुणीतरी पाय लांब करून स्वस्थ झाल्यासारखी शांतता होई. गुरुजींची गोष्ट तर विचारूच नका. त्यांना म्हणे वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची सवय होती, आणि वाचून झालं की ते पेपर उलटा घडी करून ठेवत, पहिलं पान आत. रोज दोनच्या सुमाराला त्या खुर्चीसमोरचा पेपर तसा उलटा झालेला असे. हे काम मामांचं, अशी माझी खात्री होती. एक दिवस मी ठरवून त्या पेपरावर डोळे रोखून बसलो. मामा खाली चहा सांगायला गेले. मी डोळा लागू दिला नाही. फक्त एकदा, घाम पुसायला, रुमाल तोंडावरून फिरवला. रुमाल खाली घेतला तेव्हा पहिलं पान आत गेलेलं होतं. मामा जिना चढून आले, माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं टक लावून नोका पाहत जाऊ. संकोच होते माणसाले."

दाराजवळ एक टेबल होतं. तिथे मात्र मामा गंमत करत नसत. ते मामींचं टेबल. हयातीत मामी त्या वाचनालयाचं सगळं पाहायच्या. पुस्तकं देणं-घेणं, धूळ झटकणं, आणि वकीलसाहेब नि गुरुजी हमरीतुमरीवर आले की दोघांना गप्प करणं. त्यांना डोकेदुखी होती. कपाळाला सदा बाम चोपडलेला, आणि तो वास वाचनालयाच्या पुस्तकांनाही लागलेला. एका दुपारी हातातलं पुस्तक टेबलावर उपडं घालून त्या उठल्या, मामांना "आलेच" म्हणाल्या आणि खाली गेल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मामा तेव्हा वर, कपाटात डोकं घालून नकाशे लावत होते. त्यांना कळलं ते शेवटी.

ही हकिगत मला बायकोने सांगितली. मामांनी सांगितली ती वेगळी. "बाकीचे 'येतो' म्हणून गेले," ते एकदा म्हणाले, "त्यात थोडी सवड आहे. आज येतो, उद्या येतो. हिनं 'आलेच' म्हटलं. आलेच म्हणजे आलीच न जी? म्हणजे वाटेतच आहे." ते उपडं पुस्तक तसंच होतं. मामा भोवतालची धूळ पुसत, पण पुस्तक उचलत नसत. पान चुकलं असतं. मी त्या टेबलाजवळून जाई तेव्हा कधीकधी बामाचा वास येई. जुन्या लाकडात वास मुरतो, असं मी स्वतःला सांगत असे. मग जरा लांबून जात असे.

राजधानी झाली आणि गावात जागेला सोन्याचा भाव आला. मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सिमेंटचे व्यापारी, चाळिशीतला चटपटीत माणूस. मराठी कळायचं, उत्तर हिंदीत. वाईट मुळीच नव्हता. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी दुपारी कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं त्याच्या मनात होतं. "काका, हॉल पूरी दोपहर खाली पड़ा रहता है," तो मामांना म्हणाला, "पढ़ने आता कौन है? पाँच-दस लोग भी आते हों, तो मैं खुद क्लास कहीं और लगवा दूँगा." शब्द सरळ होता. आम्ही हयात सभासद मोजून चार, त्यांतला एक मी, स्टुलावरचा. मी मामांना म्हटलं, ऑफिसातली पाच-सहा माणसं आणून बसवतो, एका दुपारचा तर प्रश्न आहे. मामांना ते लबाडीचं वाटलं. "काहून? आपले येऊन राहिले न रोज. तेच दाखवू."

अध्यक्ष आले त्या दुपारी जीव नकोसा करणारं ऊन होतं, बाकीचे दोघे हयात सभासद फिरकलेच नाहीत. मामांनी सगळ्या खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, सगळे पंखे सोडले होते आणि स्वतः धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते. अध्यक्षांनी रिकाम्या रांगेवरून नजर फिरवली, माझ्याकडे पाहून कीव आल्यासारखं हसले आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत वकीलसाहेबांच्या खुर्चीत बसले. त्याच वेळी लाईट गेली. पंखे गरगरत मंदावले, थांबले. इतके पंखे एकदम थांबले की कान मोठे होतात. त्या शांततेत पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि आम्ही तिघेही हाताची घडी घालून होतो. मग आणखी एक पान. अध्यक्ष हळूच उठले. त्यांनी खुर्चीच्या बैठकीला हात लावून पाहिला. "गरम है," ते पुटपुटले. "मेरे बैठने से पहले से गरम थी." मी म्हटलं, अहो, रायपुरात मे महिन्यात काय गरम नसतं? पण माझाच आवाज मला बारीक लागला. अध्यक्ष दाराकडे निघाले, मामींच्या टेबलापाशी एकदम थबकले, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि झपाझप जिना उतरले. खालून त्यांचं "आता हूँ, काका" ऐकू आलं. मामांना कोण आनंद झाला! "पाहिलं? पटलं त्याले. पोट्टा चांगला आहे."

पटलंच होतं, तिथेच तर घात झाला. आठ दिवसांत निरोप आला की वाचनालयाने हॉल सोडावा. हॉलमध्ये कुणी येत नसतं तर गोष्ट वेगळी होती, अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमची कपाटं भिंतीशी ठेवून क्लासचं निभावून नेलं असतं. पण इथे येतात. उद्या लहान मुलं क्लासला येणार, त्यांच्यात हे कसं चालेल? शिवणवर्गाच्या बायकाही कधीपासून आवाजांबद्दल कुरकुर करत होत्या, फक्त त्यांना वाटायचं उंदीर आहेत. माणूस भला, त्याने पर्यायही काढला. गावाबाहेर भनपुरीला त्याच्या भावाचं ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं, त्याच्यावर एक मोठी खोली रिकामी होती. कायमची देतो म्हणाला, भाडं नको, वर पंखेही बसवून देतो. "वहाँ दिन-रात ट्रक चलते हैं, भैया," तो आवाज खाली आणून म्हणाला, "ये लोग शोर में नहीं टिकते." सभासदांना खोली पसंत पडली. मलाही पडली, तिथे माझ्यावरही पंखा आला असता. एकटे मामा तयार होईनात. पुस्तकं हलतील, कपाटं हलतील, नकाशांची एक घडी मोडणार नाही, मी त्यांना सगळं पटवून दिलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ते खरं आहे जी. पण तिले भनपुरीचा रस्ता कुठी माहीत आहे? ट्रकले भेते ती. येईल, इथं जिना चढून येईल, आणि इथं कॉम्प्युटर."

मी हिशेबाचा माणूस. पण इथे माझीच बेरीज चुकली होती. बरेच दिवस मला वाटत होतं की म्हाताऱ्याचा जीव पुस्तकांत आहे. त्याचा जीव दाराजवळच्या त्या टेबलात होता, आणि ते टेबल हललं की 'आलेच' म्हणून गेलेली बायको कायमची चुकणार होती. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली, कारण तोवर मलाही ते अगदी बरोबर वाटायला लागलं होतं. अखेर मीच बोलून गेलो, "मामा, मग सगळ्यांना पत्ता सांगून निघू." ते माझ्याकडे बघतच राहिले. जावई कामाचा आहे, हे त्यांना त्या दिवशी प्रथम पटलं असावं.

शेवटच्या दुपारी कपाटं टेम्पोतून आधीच पुढे गेली होती. खुर्च्या दुसऱ्या फेरीत जायच्या होत्या. मामा एकेका खुर्चीसमोर उभे राहून, जरा वाकून, ज्याला जसा समजेल तसा पत्ता सांगत गेले. "वकीलसाहेब, आधी फाफाडीहले या, तिथून बिलासपूरचा रस्ता धरा. रागावू नोका, तुमचा विरोध मी कळवला आहे." गुरुजींना म्हणाले, "वाटेत ट्रकांच्या मांगं लई काही लिहिलेलं असते, वाचत वाचत या. शुद्धलेखन नोका तपासत बसू, उशीर होईल." मी हसलो, आणि या खेपेला मामाही हसले. असं करत करत ते दाराजवळच्या टेबलापाशी आले आणि थांबले. त्यांनी टेबलावरची धूळ पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही सांगा जवाईबापू. मले नाही होत."

मी मामींना कधी पाहिलेलं नव्हतं. माझं लग्न ठरायच्या आधीच त्या गेल्या होत्या. त्या टेबलासमोर मी ऑफिसातल्या साहेबापुढे उभा राहतो तसा उभा राहिलो आणि म्हटलं, "मामी, आम्ही भनपुरीला चाललोय. गोदामाच्या वर, जिना बाहेरूनच आहे." पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "जिन्याला कठडा आहे. मी पाहून आलोय." बामाचा वास आला. इतका दाट, की डोळ्यांत झोंबला.

मामांनी ते उपडं पुस्तक दोन्ही हातांनी, न मिटता, गरम भाकरी उचलावी तसं अलगद तळव्यावर घेतलं. दाराशी आल्यावर ते अडले. मी समजलो. इतकी वर्षं त्यांनी त्या दारातून निघताना 'येतो' म्हटलं होतं. आता 'येतो' म्हणावं तर यायचं नव्हतं, आणि शब्द खोटा पडला असता. 'जातो' तर त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. त्यांनी एकदा रिकाम्या हॉलकडे पाहिलं. मग दार उघडं धरून एका अंगाला सरकले आणि फार हळू, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "चल." जरा थांबले. एखादं बाईमाणूस सावकाश उंबरा ओलांडेल तेवढं थांबले. मग त्यांनी दार ओढून घेतलं.

खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक ऑटो झाडाच्या सावलीत उभा होता. मामा एका कडेला चढले, मी दुसऱ्या कडेने चढायला गेलो, तोच ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. अनोळखी पोरगा, त्याला आमचं काही ठाऊक असायचं कारण नाही. तो म्हणाला, "अम्मा को बीच में बिठा लो बाबूजी, उधर धूप लगेगी."

मामांना काहीच नवल वाटलं नाही. "हव," ते म्हणाले आणि आणखी थोडे सरकले. मी अंग चोरून कडेला बसलो, एक पाय जवळजवळ बाहेर, कोपर पोटाशी. कुणाच्या मांडीवर बसलो, असं या वेळी कुणी म्हणायला नको होतं. ऑटो निघाला. फाफाडीह गेलं, मोठा रस्ता लागला, ट्रक अंगावरून गेल्यासारखे कर्कश हॉर्न वाजवत जाऊ लागले. पुस्तक मामांच्या तळव्यावर उपडंच होतं. पुढून एक भला मोठा ट्रक धडधडत आला तसा त्यांनी दुसरा हात आमच्या मधल्या रिकाम्या जागेवर आडवा धरला आणि विचारलं, "नीट बसली ना?"

प्रश्न मला नव्हता. पण म्हातारा उत्तराची वाट पाहत होता, आणि कुणीतरी ते द्यायला हवं होतं.

"हो मामा," मी म्हटलं, "नीट बसल्यात."